काजव्यापासून कादंबरीपर्यंत

१९८३ साली हारुकी मुराकामी यांची 'फायरफ्लाय' ही कथा प्रसिद्ध झाली. टोकियोतल्या वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी, त्याच्या आत्महत्या केलेल्या मित्राची प्रेयसी, दोघांनी सुट्टीच्या दिवशी शहरभर केलेली पायपीट, एका रात्रीनंतर तिचं निघून जाणं आणि शेवटी वसतिगृहाच्या गच्चीवर, इन्स्टंट कॉफीच्या बाटलीतून सोडून दिलेला एक काजवा, एवढाच तिचा ऐवज. मुलीला नाव नाही, मेलेल्या मित्रालाही नाही. चार वर्षांनी, १९८७ साली, हीच कथा 'नॉर्वेजियन वुड' या कादंबरीच्या सुरुवातीच्या प्रकरणांत जवळजवळ जशीच्या तशी आली. आता मुलीचं नाव नाओको होतं, मित्राचं किझुकी. लाल आणि हिरव्या वेष्टनातले कादंबरीचे दोन भाग जपानमध्ये लाखोंनी खपले आणि मुराकामी हे नाव साहित्याच्या वर्तुळाबाहेर घरोघरी पोचलं.

कथा मात्र कादंबरीत विरून गेली नाही. ती आजही वेगळी छापली जाते, वेगळी वाचली जाते आणि कादंबरी वाचून तिच्याकडे वळलेल्या वाचकाला प्रश्न पडतोच: ही कथा पुरेशी नव्हती का? कादंबरीने हिच्यात नेमकी कशाची भर घातली, आणि भर घालताना काय गमावलं?

हे पुस्तक त्या प्रश्नातून उभं राहिलं आहे. पुढच्या पानांत मुराकामी मन लावून वाचणाऱ्या मराठी वाचकांनी आपापली बाजू मांडली आहे. काहींच्या मते खरा मुराकामी कादंबरीत आहे. त्या जगात शिरायला चारशे-पाचशे पानं लागतात आणि बाहेर यायला त्याहून जास्त दिवस. काहींना वाटतं की कादंबऱ्यांत तीच विहीर, तीच मांजर, तीच हरवलेली बायको पुन्हा पुन्हा भेटते, आणि या लेखकाची अचूकता पाहायची तर कथाच वाचाव्यात. दोन्ही बाजूंचे लोक मनापासून लिहितात. त्यांचे लेख वाचण्याआधी हाताशी थोडी सामग्री असावी आणि तुलना कशाची, कोणत्या मापाने करायची हे स्पष्ट असावं, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

मुराकामींचा जन्म १९४९ सालचा, क्योतोचा. बालपण कोबेच्या परिसरात गेलं. आईवडील दोघेही जपानी साहित्याचे शिक्षक. मुलगा मात्र बंदरातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून मिळणाऱ्या अमेरिकन कादंबऱ्यांवर वाढला. वासेदा विद्यापीठात शिकत असतानाच त्यांनी लग्न केलं आणि १९७४ साली पत्नीसह 'पीटर कॅट' नावाचा जॅझ बार काढला. एप्रिल १९७८मध्ये टोकियोच्या जिंगू मैदानावर बेसबॉलचा सामना पाहत असताना आपण कादंबरी लिहू शकू असं त्यांना एकाएकी वाटलं, हा प्रसंग त्यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. त्यापुढची गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. 'हिअर द विंड सिंग' ही पहिली कादंबरी त्यांनी बार बंद झाल्यावर रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिली. रोज मिळणारा वेळ थोडा, अंगात दिवसभराचा थकवा. ती कादंबरी तुकड्यातुकड्यांची आहे, प्रकरणं काही ठिकाणी पानभराचीही नाहीत. १९७९ साली तिला 'गुन्झो' या वाङ्मयीन मासिकाचा नवोदित लेखकांसाठीचा पुरस्कार मिळाला. पाठोपाठ आलेली 'पिनबॉल, १९७३' हीसुद्धा आकाराने लहानच.

१९८१ साली त्यांनी बार विकला आणि पूर्ण वेळ लेखनाला वाहून घेतलं. पुढच्याच वर्षी आलेली 'अ वाइल्ड शीप चेस' ही त्यांची खऱ्या अर्थाने पहिली लांब पल्ल्याची कादंबरी. त्याच सुमारास त्यांनी सिगारेट सोडली आणि धावायला सुरुवात केली. कादंबरी लिहिण्याच्या काळात पहाटे चारला उठायचं, पाच-सहा तास लिहायचं, दुपारी धावायचं किंवा पोहायचं, रात्री नऊला झोपायचं, आणि जपानी हस्तलिखिताची दहा पानं रोज, कमी नाहीत आणि जास्तही नाहीत, असा नेम त्यांनी घालून घेतला. लांबी ही त्यांच्या लेखनात अशी कमावून आलेली आहे, तिच्यामागे शरीराची मेहनत आहे. कथांची रीत निराळी. त्या बहुधा दोन कादंबऱ्यांच्या मधल्या काळात, एकापाठोपाठ एक झटपट लिहिल्या गेल्या. कादंबरी लिहिणं हे आव्हान आणि कथा लिहिणं हा आनंद, पहिलं वन लावण्यासारखं आणि दुसरं बाग लावण्यासारखं, अशा आशयाचं त्यांनी एका कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत लिहिलं आहे. स्वतःला मात्र ते मूळचे कादंबरीकारच मानतात.

लेखकाचं हे मत वाचकाने ऐकून घ्यावं, पण निकाल म्हणून स्वीकारू नये. लिहिणाऱ्याला कुठे जास्त कष्ट पडले आणि वाचणाऱ्याला कुठे जास्त मिळालं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

तुलनेला बसण्यापूर्वी एक अडचण दूर केली पाहिजे. आपल्यापैकी बहुतेकांनी मुराकामी इंग्रजीतून वाचले आहेत, आणि इंग्रजीत त्यांच्या कथा ज्या क्रमाने आल्या तो क्रम मुळातला नाही. 'द एलिफंट व्हॅनिशेस' हा १९९३चा इंग्रजी संग्रह सतरा कथांचा. त्या कथा जपानीत वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या संग्रहांतून आल्या होत्या. २००६ साली आलेल्या 'ब्लाइंड विलो, स्लीपिंग वुमन'मध्ये चोवीस कथा आहेत आणि त्यांत पंचवीसेक वर्षांचं लेखन एकत्र बांधलेलं आहे. जपानी वाचकाला १९८३ सालचा 'अ स्लो बोट टू चायना' हा पहिला संग्रह त्या काळातल्या कादंबऱ्यांच्या शेजारी ठेवून वाचता आला. १९९०चा 'टीव्ही पीपल' त्याने 'नॉर्वेजियन वुड'च्या गदारोळानंतर वाचला. आपल्याकडे तरुण मुराकामीची कथा आणि पन्नाशी ओलांडलेल्या मुराकामीची कथा एकाच पुस्तकात लागोपाठ येतात. मग 'कथांमध्ये सातत्य नाही' अशी तक्रार सहज केली जाते. कादंबरीची गतही थोडीफार अशीच. 'द वाइंड-अप बर्ड क्रॉनिकल' जपानीत तीन भागांत, १९९४-९५मध्ये आली. १९९७ साली ती इंग्रजीत येताना अमेरिकी प्रकाशकाच्या अटीमुळे सुमारे २५,००० शब्द गाळावे लागले. म्हणजे आपण वाचतो ती कादंबरी मुळात आहे त्यापेक्षा आटोपशीर आहे. म्हणून कोणती कथा कोणत्या सालची आणि कोणत्या कादंबरीच्या आगेमागे लिहिलेली, एवढं तरी तुलना करणाऱ्याने पाहून घ्यावं.

आता मूळ मुद्द्याकडे. माझं म्हणणं असं की मुराकामींची कथा आणि कादंबरी यांची सरसकट तुलना निष्फळ ठरते. तुलना करायची तर जोड्यांची करावी, कारण या लेखकाने अशा जोड्या स्वतःच मांडून ठेवल्या आहेत. एखादी कथा पुढे कादंबरी झाली, तर वाढलेल्या प्रत्येक पानाला विचारावं की तू कशासाठी आलंस. त्या पानाकडे उत्तर असेल तर कादंबरी मोठी, नसेल तर कथा मोठी.

पहिली जोडी 'फायरफ्लाय' आणि 'नॉर्वेजियन वुड'. कादंबरीने काय आणलं? नाओकोचं डोंगरातलं आरोग्यधाम, तिथली रेइको, वसतिगृहातला नागासावा हे सगळं आहेच. पण खरी भर एकाच व्यक्तीची: मिदोरी. पुस्तकांच्या लहानशा दुकानाच्या मालकाची मुलगी, बडबडी, स्वयंपाकात तरबेज, घरातल्या आजारपणांनी आणि मृत्यूंनी पिचलेली तरीही जगायला आसुसलेली. तिचे वडील रुग्णालयात शेवटच्या दिवसांत आहेत. तिला तासभर मोकळं करायला कादंबरीचा नायक तोरू वातानाबे त्यांच्या उशाशी बसतो. वडिलांना जेवण जात नाही, बोलणं जवळपास संपलेलं. तोरूला भूक लागते, तिथेच काकड्या आहेत. तो त्या धुतो, काकडीला नोरी म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाची पट्टी गुंडाळतो, सोया सॉसमध्ये बुडवून खाऊ लागतो. खाताना होणारा कुरकुर आवाज त्या खोलीत भरून राहतो. मग तो म्हाताऱ्याला विचारतो, आणि घास न गिळणारा तो माणूस काकडी खातो. पुढे काही दिवसांतच तो जातो. वातानाबेची आणि त्याची ओळख एका काकडीपुरती. पण मरणाविषयीच्या त्या संबंध कादंबरीत मरणाच्या इतक्या जवळ बसून माणसाने चवीने खाल्लेली ही एकमेव जागा आहे.

'फायरफ्लाय'मध्ये अशी जागा असणं शक्यच नव्हतं. त्या कथेत फक्त जाणारी माणसं आहेत. कथेचा नायक शोकात सुरू होतो आणि शोकात थांबतो. कादंबरीतल्या नायकाला शोक आणि भूक यांतून एकाची निवड करावी लागते, आणि त्यासाठी मिदोरी हवी, तिचे वडील हवेत, काकडी हवी. इथे लांबीला कारण आहे. गमावलं तेही सांगायला हवं. कथेत काजवा शेवटी येतो आणि त्याच्या पुढे कोरं पान असतं. कादंबरीत तो तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी येतो. पान उलटलं की गोष्ट पुढे चालू. जे कथेत शेवट होतं ते कादंबरीत एका टप्प्याचं स्थानक होतं. कथाप्रेमी वाचकाला ही किंमत जड वाटते, आणि ते मला समजू शकतं. पण काकडीच्या त्या प्रसंगासाठी ती मोजायला मी तयार आहे.

दुसरी जोडी १९८६ सालची 'द वाइंड-अप बर्ड अँड ट्यूझडेज विमेन' ही कथा आणि 'द वाइंड-अप बर्ड क्रॉनिकल'. सुरुवात एकच. नोकरी सोडून घरी बसलेला माणूस स्वयंपाकघरात स्पॅगेटी उकळतो आहे, रेडिओवर रोसिनीची संगीतरचना चालू आहे, फोन वाजतो आणि एक अनोळखी बाई त्याच्याकडे दहा मिनिटं मागते. मांजर हरवलं आहे. बायकोने शोधायला सांगितलं आहे. तो मागच्या बोळात जातो, शेजारची एक शाळकरी मुलगी भेटते, मांजर सापडत नाही. कथेच्या शेवटी बायको रडते आहे, फोन वाजत राहतो आणि कोणी उचलत नाही. त्या वाजणाऱ्या फोनमध्ये एका संसाराची सगळी मोडतोड ऐकू येते. कथा म्हणून ती परिपूर्ण आहे.

मग कादंबरी कशाला? एक बारीक धागा पाहा. कथेत मांजराला बायकोच्या भावाचं नाव दिलेलं आहे, आणि त्या भावाचं काम जवळपास तेवढ्यावरच संपतं. कादंबरीत हा भाऊ, नोबोरू वाताया, आधी अर्थतज्ज्ञ, मग दूरदर्शनवरचा चमकता चेहरा, मग राजकारणी म्हणून वाढत जातो आणि ज्या हिंसेचा तो वारसदार आहे तिचा माग काढत कादंबरी मंचुरियात पोचते. १९३९ साली मंचुरिया आणि मंगोलिया यांच्या सीमेवर नोमोनहान इथे जपानी सैन्याचा सोव्हिएत आणि मंगोल फौजांनी धुव्वा उडवला; जपानमध्ये या पराभवाबद्दल दीर्घकाळ फार बोललं गेलं नाही. कादंबरीतला लेफ्टनंट मामिया म्हातारपणी नायक तोरू ओकादाच्या घरी येऊन तिथली हकिगत सांगतो: सहकाऱ्याची जिवंतपणी सोललेली कातडी आणि वाळवंटातल्या कोरड्या विहिरीत स्वतः काढलेले दिवस. ती हकिगत ऐकून बेकार ओकादा आपल्या बोळातल्या कोरड्या विहिरीत उतरतो. टोकियोच्या उपनगरातला हरवलेला संसार आणि अर्धशतकापूर्वीचं युद्ध एका विहिरीने जोडले जातात. पुढे १९९४ साली मुराकामी स्वतः नोमोनहानच्या रणभूमीवर जाऊन आले. त्यांच्या आधीच्या लेखनावर टीका करणारे केन्झाबुरो ओए योमिउरी पुरस्काराच्या निवड समितीत होते, आणि याच कादंबरीला तो पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी तिचं जाहीर कौतुक केलं.

कथेत युद्ध नव्हतं. तीस-चाळीस पानांत ते आणलं असतं तर ठिगळ लावल्यासारखं दिसलं असतं. एका माणसाची वेदना कथेत मावते. पण ती ज्या देशाच्या भूतकाळातून आली आहे तो भूतकाळ दाखवायचा तर पानं लागतात, आणि इथे ती सत्कारणी लागली आहेत. मुराकामींची सर्वांत मोठी कादंबरी कोणती असं विचारलं तर माझं उत्तर हीच.

तिसरी जोडी तिघांची आहे. १९८० साली 'बुंगाकुकाई' मासिकात त्यांनी 'द सिटी अँड इट्स अनसर्टन वॉल्स' या नावाची दीर्घकथा लिहिली. भिंतींनी वेढलेलं एक शहर, तिथे शिरताना शरीरापासून वेगळी केली जाणारी सावली. ही कथा त्यांना इतकी अपुरी वाटली की पुढे त्यांनी ती कोणत्याही संग्रहात येऊ दिली नाही. १९८५ साली तेच शहर 'हार्ड-बॉइल्ड वंडरलँड अँड द एंड ऑफ द वर्ल्ड'मध्ये आलं. एक प्रकरण टोकियोतल्या धावपळीचं, एक प्रकरण भिंतीआडच्या शांत शहराचं, अशी तिची बांधणी, आणि या कादंबरीला तानिझाकी पुरस्कार मिळाला. तरीही समाधान झालं नाही. २०२३ साली, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी जवळपास त्याच नावाची मोठी कादंबरी लिहून त्या शहरात पुन्हा प्रवेश केला. चाळीसहून अधिक वर्षं एक लेखक एकाच भिंतीभोवती फिरतो आहे. तिन्हींत माझी पसंती १९८५च्या कादंबरीला, कारण तिथे शांत शहराला धावत्या टोकियोचा ताण मिळतो. २०२३च्या कादंबरीतलं डोंगरगावचं ग्रंथालय मनात राहतं. पण तिचा मधला भाग इतका संथ आहे की पुढे काय याची ओढच उरत नाही.

जिथे लांबीला कारण नाही तिथे ते स्पष्ट म्हटलं पाहिजे. २००९ साली आलेल्या '१क्यू८४'च्या पहिल्या दोन भागांत आओमामे आणि तेंगो या दोन मुख्य पात्रांची प्रकरणं आळीपाळीने येतात आणि ओढ टिकते. २०१०च्या तिसऱ्या भागात उशिकावा हा खासगी हेर तिसरा दृष्टिकोन म्हणून येतो. जे आपण पहिल्या दोन भागांत वाचून बसलो आहोत ते तो शोधत राहतो. पानामागून पान वाचकाला ठाऊक असलेली माहिती पात्राला मिळवून देण्यात खर्च होतं. तो उशिकावा माणूस म्हणून करुण आहे, त्याचा शेवट विसरता येत नाही. पण त्याच्यावर एक उत्तम कथा झाली असती. मुराकामी आधी आराखडा न आखता लिहितात, पुढे काय होणार हे त्यांनाही माहीत नसतं, असं ते सांगतात. या पद्धतीतून छोट्या अंतरात गूढ तयार होतं. मोठ्या अंतरात कधीकधी नुसतीच पायपीट होते. कथांच्या बाजूने लिहिणाऱ्यांचा हा सर्वांत बळकट मुद्दा आहे आणि कादंबरीप्रेमींनी त्याला बगल देऊ नये.

आता ज्यांची कधी कादंबरी झाली नाही अशा कथांकडे येऊ. 'नॉर्वेजियन वुड'च्या अफाट खपानंतर मुराकामींचा लिहिण्याचा हात काही काळ थांबला होता. १९८९मध्ये तो पुन्हा चालू झाला तो 'टीव्ही पीपल' आणि 'स्लीप' या कथांनी. 'स्लीप' एका दंतवैद्याच्या बायकोच्या तोंडून सांगितलेली आहे. नवरा चांगला, मुलगा गुणी, दिवस ठरलेले. एका रात्रीनंतर तिची झोपच उडते, सतरा दिवस. तिला थकवा येत नाही. घर झोपल्यावर ती ब्रँडी घेऊन, दातांना वाईट म्हणून सोडून दिलेलं चॉकलेट खात 'ॲना कॅरेनिना' वाचते, आणि लग्नाआधी आपण किती वाचत होतो हे तिला आठवतं. नवऱ्याच्या झोपलेल्या चेहऱ्याकडे ती पाहते, तेव्हा तो तिला कुरूप वाटतो. मग मुलाच्या चेहऱ्यातही तिला तेच दिसू लागतं. भूत नाही, दुसरं जग नाही. एका बाईला स्वतःसाठी वेळ मिळतो आणि त्या वेळात तिला आपलं आयुष्य दिसतं, एवढीच भयकथा.

मुराकामींच्या कादंबऱ्यांतल्या बायका नायकाला वाट दाखवण्यासाठी येतात, त्याच्यासाठी नाहीशा होतात, असा आक्षेप वाचक वर्षानुवर्षं घेत आले आहेत. कादंबरीकार मिएको कावाकामी यांनी मुराकामींची पुस्तकभर दीर्घ मुलाखत घेतली, ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांनी हा आक्षेप लेखकासमोर थेट ठेवला आणि त्याच वेळी 'स्लीप'मधल्या स्त्रीचं मनापासून कौतुक केलं. तुलना करणाऱ्याला याहून चांगला पुरावा क्वचित मिळेल. जी उणीव कादंबऱ्यांत अनेकांना खुपली तिचं उत्तर लेखकाने एका कथेत आधीच देऊन ठेवलं होतं.

आणि मग 'आफ्टर द क्वेक', २००० सालचा सहा कथांचा संग्रह. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबेच्या परिसरात भूकंप झाला, सहा हजारांहून अधिक माणसं गेली. हा मुराकामींच्या बालपणीचा मुलूख. २० मार्चला टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी सरिन हा विषारी वायू सोडला. सहाही कथा या दोन तारखांच्या मधल्या फेब्रुवारीत घडतात, सहाही तृतीयपुरुषी निवेदनात आहेत, आणि एकही कथा कोबेत घडत नाही. होक्काइदो, इबाराकीचा समुद्रकिनारा, थायलंड, टोकियो. पहिल्या कथेतली बायको पाच दिवस सोफ्यावरून न हलता भूकंपाच्या बातम्या पाहत राहते आणि मग नवऱ्याला सोडून निघून जाते. दुसऱ्या एका कथेत बँकेच्या कर्जवसुली खात्यातल्या कातागिरीच्या घरी माणसाएवढा बेडूक चहा करून त्याची वाट पाहत बसलेला असतो. टोकियोला भूकंपापासून वाचवायला त्याला कातागिरीची मदत हवी आहे. इतिहास आला की कादंबरी लागते असं मी वर म्हटलं, त्याला या संग्रहाने मर्यादा घालून दिली आहे. इतिहासाचा उगम शोधायचा तर कादंबरी हवी. इतिहासाचा धक्का दूरवरच्या, ढिगाऱ्याखाली न सापडलेल्या माणसाला कसा बसतो हे दाखवायला सहा कथा पुरतात, कदाचित जास्त चांगल्या पुरतात.

याच संग्रहातली शेवटची कथा 'हनी पाय' आपल्या वादावरच लिहिली आहे असं वाटावं. तिचा नायक जुनपेई कथालेखक आहे, जन्मजात कथालेखक. कादंबरी लिही, असं त्याला सांगितलं जातं. त्याच्याने ती होत नाही. महाविद्यालयापासून ज्या सायोकोवर त्याचं प्रेम आहे तिने त्याच्या मित्राशी लग्न केलं, आता ते मोडलं आहे. तिची लहान मुलगी साला भूकंपाच्या बातम्या पाहून रात्री दचकून उठते, म्हणून जुनपेई तिला अस्वलांची गोष्ट सांगतो. एक अस्वल मध विकतं, दुसरं साल्मन मासे पकडतं, दोघं वाटून खातात. मासे संपतात, दुसऱ्याला फुकट मध घेणं नको वाटतं, मैत्री मोडते. मुलीला हा शेवट मान्य नाही. शेवटी जुनपेईला नवा शेवट सुचतो: त्या अस्वलाने मित्राच्या मधाचे 'पाय', म्हणजे भट्टीत भाजलेला गोड पदार्थ, करून विकावेत. गोष्ट दुरुस्त करता करता तो सायोकोला लग्नाचं विचारायचं आणि आजवर लिहिल्या त्याहून वेगळ्या कथा लिहायच्या असं ठरवतो. आपण कादंबरी लिहायची असं तो ठरवत नाही. कादंबरीकार म्हणवून घेणाऱ्या मुराकामींनी कथालेखकाला दिलेला हा मान आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

चित्रपट दिग्दर्शकांनीही मुराकामींच्या कथांकडे जास्त विश्वासाने पाहिलं आहे. जुन इचिकावा यांचा 'टोनी ताकितानी', ली चांग-डोंग यांचा 'बर्निंग' आणि र्युसुके हामागुची यांचा, २०२२ साली ऑस्कर मिळालेला, जवळजवळ तीन तासांचा 'ड्राइव्ह माय कार' हे तिन्ही कथांवरून केलेले आहेत. हामागुचींनी तर मूळ कथा ज्या संग्रहात आहे त्यातल्याच आणखी दोन कथांतले धागे आपल्या चित्रपटात विणले. 'बर्निंग' ज्या कथेवरून केला त्या १९८३च्या 'बार्न बर्निंग'मध्ये नाहीशा झालेल्या मुलीचं काय झालं हे सांगितलेलं नाही. त्या न सांगण्यातून ली चांग-डोंग यांनी आजचा कोरिया उभा केला. कथेने रिकामी ठेवलेली जागा दुसऱ्या कलावंताच्या उपयोगी पडते.

मराठी वाचकाला हा वाद परका नाही. नवकथेच्या काळात गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांनी कथेला प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे भालचंद्र नेमाडे यांनी कथा या प्रकारावर कठोर टीका करून कादंबरीची बाजू घेतली, आणि त्यावर आपल्याकडे पुष्कळ शाई खर्च झाली. दुसरीकडे जी. ए. कुलकर्णी कथाच लिहीत राहिले आणि त्यांना कोणी उणं म्हटलं नाही. या वादाने आपल्या मनात एक सवय रुजवली आहे: प्रकार आधी श्रेष्ठ ठरवायचा, लेखन नंतर वाचायचं. मुराकामींच्या बाबतीत ती सवय बाजूला ठेवावी. तिथे एकाच हाताने एकाच मजकुराचे दोन आकार केलेले आहेत, आणि ते दोन्ही आपल्यासमोर आहेत. प्रकाराचा निकाल लावण्यापेक्षा आकाराचं कारण शोधण्याची इतकी चांगली संधी वाचकाला सहसा मिळत नाही.

माझा कौल असा: 'नॉर्वेजियन वुड' आणि 'द वाइंड-अप बर्ड क्रॉनिकल' या दोन कादंबऱ्या आपापल्या कथांहून मोठ्या आहेत. १९८९च्या 'स्लीप'ची आणि 'आफ्टर द क्वेक'मधल्या कथांची बरोबरी त्यांच्या गेल्या वीस वर्षांतल्या एकाही कादंबरीला करता आलेली नाही. या पुस्तकातले काही लेखक याच्याशी सहमत आहेत, काहींनी अगदी उलट लिहिलं आहे, आणि त्यांची कारणं ऐकण्यासारखी आहेत.

वाचकांना एकच विनंती. कोणाचंही, माझंही, मत पदरात घेण्याआधी जोडी स्वतः वाचा. आधी 'फायरफ्लाय', मग 'नॉर्वेजियन वुड'. आधी मंगळवारच्या बायांची कथा, मग वाइंड-अप बर्डची कादंबरी. मुराकामी अजून वाचलेलेच नसतील तर 'आफ्टर द क्वेक'पासून सुरुवात करा. सहाच कथा आहेत. त्या संपल्या की पुढे कादंबरी उचलायची की कथा, हे तुमचं तुम्हाला कळेल.